सायबर कॅफेच्या आडभिंतीपासून पालकांच्या संमतीपर्यंत : अल्पवयीनांच्या इंटरनेट-सुरक्षिततेचा भारतातील कायदेशीर प्रवास (२०००–२०२५)

प्रस्तावना

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा घरी संगणक असणे ही चैनीची बाब होती. पुढील काही वर्षे शहरी मुलांची इंटरनेटशी ओळख बहुधा सायबर कॅफेत झाली. साहजिकच त्यांच्या संरक्षणाचा विचार हा आधी जागेचा विचार होता. ही कल्पना कायद्यात किती काळ टिकली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जागेवरील पहारा

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यातील कलम ६७ अन्वये अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे दंडनीय ठरले. मात्र बालकांचा वेगळा उल्लेख त्यात नव्हता. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीनांना अशा मजकुरापासून दूर कसे ठेवता येईल, हे सुचविण्यासाठी समिती नेमली. मुलांना बंदिस्त कक्षात न बसवता मोकळ्या, सर्वांच्या नजरेतील संगणकावर बसवावे, असे समितीने २००२ मध्ये सुचविले. वाड्यातील ओसरीवर वडीलधाऱ्यांची जी नजर असे, तीच येथे अभिप्रेत होती. त्या काळी हा उपाय व्यवहार्यही होता.

तथापि २००४ मध्येच चित्र बदलले. दिल्लीतील शालेय विद्यार्थ्यांची एक चित्रफीत मोबाइलवरून पसरली आणि बाझी डॉट कॉम या लिलाव संकेतस्थळावर विक्रीस आली. येथे कॅफे कोठेच नव्हता. चित्रण करणारा व बळी पडणारी, दोघेही अल्पवयीनच होते. मूल हे केवळ 'पाहणारे' आहे, हे २००१ चे गृहीतक या एका घटनेने मोडीत काढले. २००८ च्या दुरुस्तीने आलेले व २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेले कलम ६७ब बालकांच्या लैंगिक चित्रणाबरोबरच त्यांना ऑनलाइन संबंधांसाठी फूस लावण्यासही गुन्हा ठरविते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ही चौकट अधिक भक्कम केली.

असे असूनही एप्रिल २०११ च्या सायबर कॅफे नियमांत आडभिंतीची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसावी आणि पालक सोबत नसल्यास मुलांना कक्षात बसू देऊ नये, असे बजावले गेले. नियम चुकीचा नव्हता, उशिराचा होता. तोवर पडदा खिशात आला होता आणि खिशातील पडद्याला मोजता येईल अशी भिंत नसते.

संमतीचा प्रश्न

ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ९ अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागते. मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती करणे यांस ते मनाई करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी प्रमुख तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी दिला.

पहारेकरी आता कॅफेचालक नसून पालक आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत एकच मोबाइल होता आणि मुले आई-वडिलांच्याच खात्यावरून वर्गात हजर राहत. अशा घरात संमती देणारा कोण व वापरणारा कोण, हे यंत्राने कसे ओळखावे, याचे उत्तर संमतीच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही.