‘जर–तर’ विधानाचे सत्यताकोष्टक

* ग्रंथकाराने हे कोष्टक एका ओळीत आटोपले असले, तरी संगणकशास्त्राचा नवशिका विद्यार्थी बहुधा इथेच अडखळतो, म्हणून थोडा खुलासा अवश्य वाटतो. ‘मजकूर शेत रिठद शिवारात असेल, तर ते रिसोड तालुक्यात आहे’ हे विधान घ्यावे. शेत रिठदचेच असले, तर दोन्ही अंगे सत्य. ते खुद्द रिसोडच्या शिवारातले असले, तर पूर्वांग असत्य व उत्तरांग सत्य. आणि मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे असले, तर दोन्ही असत्य. परंतु या शेवटच्या दोन प्रसंगीही विधान बाधित होत नाही, कारण रिठदबाहेरच्या जमिनीविषयी त्याने काही कबूलच केलेले नाही, आणि म्हणूनच कोष्टक तेथेही ‘सत्य’ असाच शेरा मारते. विधान खोटे पाडणारी ओळ एकच : पूर्वांग सत्य, उत्तरांग असत्य. तिचा दाखला महसुली इतिहासातच सापडतो. ‘शेत रिठदचे असेल, तर ते अकोला जिल्ह्यात आहे’ हे विधान ३० जून १९९८ पर्यंत सत्य होते. १ जुलै रोजी वाशीम जिल्हा वेगळा होताच, शेताचा बांध तसूभरही न हलता, ते असत्य झाले. ‘तालुका रिसोड, म्हणून गाव रिठद’ हा व्यत्यास मात्र मूळ विधानातून निघत नाही. पुढील प्रकरणाकडे वळण्यापूर्वी वाचकाने त्याचे कोष्टक स्वहस्ते मांडून वरील कोष्टकाशी ताडून पाहावे. — संपादक