पैलवान जवळचा का वाटायचा?

आपल्या नेकनूरकडं जत्रेत कुस्ती जिंकलेला पैलवान गर्दीतूनच फिरतो. लोक पाठ थोपटतात, हातावर नोटा ठेवतात. ही जवळीक नुसत्या स्वभावाची नाही. १९५२ बघा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकांच्या पैशावर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. कांस्यपदक आलं, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग? खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, पैसे जमवले, प्राचार्यांचं घर सोडवलं. पदकात चाहत्यांचा वाटा होता, तो त्यांनी फेडला. आज क्रिकेटर सेल्फी देत नाही म्हणून आपण त्याला माजलेला म्हणतो. पण त्याचा पैसा टीव्हीतून, जाहिरातींतून येतो, आपल्या हातून नाही. अंतर तिथंच पडलं राव!