शुल्काने पर्यटक पळतो काय?

समुद्री पर्यटनाची चर्चा निघाली की एक मत ठरल्यासारखे पुढे येते. डाइव्ह ऑपरेटरांवर शुल्क बसवले की ते दर वाढवणार, दर वाढले की पर्यटक दुसरा किनारा धरणार. आणि त्या ठिकाणाबद्दल लोकांच्या मनात आधीच धास्ती असेल, तर शुल्क म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. म्हणून शुल्क नको, जाहिरात वाढवा, सुरक्षिततेचे पोलीस बघून घेतील.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. डाइव्ह ऑपरेटरचा धंदा इंधन, पगार, कॉम्प्रेसर आणि मोजक्या महिन्यांचा हंगाम यांच्या कात्रीत असतो. मालदीवमध्ये अनेक रिसॉर्टांवरची डाइव्ह सेंटरे स्वतंत्र कंपन्या कराराने चालवतात. अशा करारांत रिसॉर्टला जागेचे भाडे किंवा उत्पन्नातला वाटा द्यावा लागतो. कुठे रिसॉर्टच्या जेट्टीला बोट लावायची तर बाहेरच्या ऑपरेटरकडे माणशी रक्कम मागितली जाते. तो चिडून विचारतो, ‘समुद्र काय यांनी बांधला?’ त्यात सागरी उद्यानाचा परवाना वेगळा. हे सारे गिऱ्हाइकाच्या बिलावर चढले तर ते शेजारचा स्वस्त किनारा शोधील, ही त्याची भीती समजण्यासारखी आहे.

पण या मताखाली दोन गृहीतके आहेत. डायव्हर ठिकाण निवडतो ते दर पाहून, हे पहिले. शुल्काचा आणि सुरक्षिततेचा एकमेकांशी संबंध नाही, हे दुसरे. पहिले अर्धेच खरे आहे. दुसरे साफ चूक आहे, आणि घातकही.

पहिल्याची परीक्षा कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर होऊन गेली आहे. तिथले सागरी उद्यान १९७९ मध्ये सुरू झाले आणि सुरुवातीचा निधी आटल्यावर काही वर्षे कागदावरच उरले. १९९२ मध्ये प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायचे ठरले, तेव्हा ऑपरेटरांनी हाच युक्तिवाद करून विरोध केला. त्याच सुमारास जॉन डिक्सन, लुईस फॅलन स्कुरा आणि टॉम व्हान्ट हॉफ या अभ्यासकांनी खुद्द डायव्हरांना विचारले. ९२ टक्क्यांना शुल्काची कल्पना रास्त वाटली. सुमारे ८० टक्के २० डॉलर द्यायला तयार होते, ४८ टक्के ३० डॉलर. तोंडाने हो म्हणणे आणि खिशात हात घालणे यांत अंतर असते, हा आक्षेप रास्तच आहे. त्याचे उत्तर पुढच्या इतिहासाने दिले. शुल्क २००५ मध्ये २५ डॉलरांवर गेले, नंतर ४० वर. आणि बोनेअर आजही डायव्हरांचे लाडके बेट आहे.

याचे कारण तिथल्या व्यवस्थेत दिसते. आलेल्या डायव्हरला आधी नियम समजावून घ्यावे लागतात आणि पहिली डाइव्ह सरावाची करावी लागते. प्रवाळावर नांगर टाकायला बंदी आहे. बोटी ठरलेल्या बोयांना बांधायच्या. दिलेले पैसे कशात गेले, हे त्याला पाण्यात उतरल्यावर दिसते. गंमत अशी की, किनाऱ्यावर उभ्या केलेल्या गाड्यांतून सामान चोरीला जाणे हे बोनेअरचे जुने दुखणे आहे, आणि गाडीत काहीही ठेवू नका असे प्रत्येक पाहुण्याला सांगितले जाते. तरी लोक येतात. कारण धोका कोणता, आपण काय करायचे आणि लक्ष कोण ठेवणार, हे ठाऊक असले की माणसाला सुरक्षित वाटते. त्यासाठी धोका शून्यावर यावा लागत नाही.

उलट बाजूची परीक्षा मलेशियाच्या सबाह राज्यात झाली. २३ एप्रिल २००० रोजी सिपादान बेटावरून अबू सय्याफ या दहशतवादी संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी पर्यटक आणि कर्मचारी मिळून २१ जणांना पळवून फिलिपिन्समधल्या होलो बेटावर नेले. पुढे २००४ च्या अखेरीस बेटावरची रिसॉर्टे हटवली गेली, ती मात्र निसर्गरक्षणासाठी. मुक्काम बंद झाला, परवाना शुल्क आले आणि रोजच्या डायव्हरांची संख्या बांधली गेली. बरीच वर्षे ती १२० होती. पूर्वपक्षाच्या हिशेबाने सिपादान ओस पडायला हवे होते. प्रत्यक्षात पाहुण्यांचे गाऱ्हाणे एकच राहिले, की परवाना मिळत नाही. जवळच्या माबुल, कापालाई आणि सेम्पोर्नाची रिसॉर्टे आपल्या वाट्याचे परवाने पाहुण्यांत पुरवून पुरवून वाटत आली.

त्याच किनाऱ्यावर २०१३-१४ मध्ये काय झाले, तेही पाहावे. नोव्हेंबर २०१३ मध्ये पोम पोम बेटावर एका तैवानी पर्यटकाची हत्या झाली आणि त्याच्या पत्नीला पळवून नेले. एप्रिल २०१४ मध्ये सेम्पोर्नाजवळच्या रिसॉर्टवरून एक चिनी पर्यटक आणि एक कर्मचारी उचलले गेले. जुलैत माबुलवर एक पोलीस मारला गेला. सरकारने त्या समुद्रात रात्रीची संचारबंदी लावली. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने या बेटांवर अत्यावश्यक कामाखेरीज जाऊ नये असा सल्ला दिला. असा सल्ला नुसता मनात घबराट भरून थांबत नाही. सरकारी सल्ला डावलून केलेल्या प्रवासाला बहुतेक प्रवासविमे लागू होत नाहीत. डायव्हिंगमध्ये अपघात झाला तर डीकॉम्प्रेशन चेंबरचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च कोण करणार, हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहिला, त्याला दरात निम्मी सूट दिली तरी तो येत नाही. दर कमी करून भीती घालवता येते, हा समज इथेच संपतो.

आता दुसरे गृहीतक. बातमी अपहरणाची होते, पण डायव्हर दगावतो तो बहुतेक वेळा निराळ्या कारणाने. डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घटनांत संकटाची सुरुवात कशाने झाली हे कळू शकले, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ते कारण होते श्वासाची हवा पुरेशी न उरणे. त्याखालोखाल पाण्याखाली अडकणे आणि उपकरणांतला बिघाड. ही संकटे टाळायची तर मापकावर नजर ठेवणारा गाईड लागतो, हवा पुरवणारा रेग्युलेटर वेळेवर दुरुस्त केलेला लागतो आणि बोटीवर भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर लागतो. प्रत्येकाला पैसे पडतात.

आणि रिसॉर्टने ऑपरेटरवर बसवलेले शुल्क याच पैशाला भिडते. स्पर्धेच्या धाकाने ऑपरेटर ते बिलात दाखवत नाही आणि दरही वाढवत नाही. मग ते निघते कुठून? इंधनात काटकसर होत नाही. छाटता येते ते पाहुण्याला न दिसणारे. कॉम्प्रेसरचा फिल्टर थोडा उशिरा बदलला जातो, रेग्युलेटरची वार्षिक तपासणी पुढच्या हंगामावर ढकलली जाते, एका गाईडमागे दोन पाहुणे जास्त घेतले जातात. दर जागच्या जागी, पाहुणा खूश, धोका वाढलेला. ‘शुल्क लागले तरी दर वाढता कामा नये’ हा प्रचलित मताचा आग्रहच असे शुल्क धोक्याचे करतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, गिऱ्हाइकाला मालाचा दर्जा पारखता येत नसेल तर चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. मालवण-तारकर्लीचा स्कुबा बाजार असाच आहे. तिथे येणारे बहुतेक जण पहिल्यांदाच पाण्याखाली जातात. रेग्युलेटर चांगला की वाईट, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. कळतो तो फक्त दर. पूर्वपक्षाचे अर्धे सत्य इथे लागू पडते, कारण असे गिऱ्हाईक दर पाहूनच ठरवते. पण त्यावरून शुल्क नको हा निष्कर्ष निघत नाही. शुल्क सगळ्यांना सारखे असेल तर त्यामुळे त्या किनाऱ्यावर कोणी कोणापेक्षा महाग ठरत नाही, आणि त्यातून देखरेख झाली तर सुरक्षिततेवरचा खर्च वाचवून दर पाडण्याची सोयही उरत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली झालाच नाही, परतीच्या वाटेवर झाला. बोट, तिची क्षमता आणि लाइफ जॅकेट हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, आणि त्यावर देखरेख ठेवायची तर त्यालाही पैसा लागतो.

तेव्हा सिद्धान्त असा. शुल्क पर्यटकाला पळवत नाही. ज्याचा हिशेब लागत नाही ते शुल्क त्याचा विश्वास घालवते, आणि जे ऑपरेटरच्या पोटात लपते ते पर्यटकाचा जीव धोक्यात घालते. म्हणून शुल्क बुकिंगच्या वेळीच, पूर्ण दरासकट दिसले पाहिजे. अमेरिकेत मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीचे शुल्क जाहिरातीतल्या दरातच धरावे लागते. रिसॉर्ट फी शेवटच्या पानावर दडवण्याची रीत मोडण्यासाठीच तो नियम आला. शुल्काचा ठरलेला हिस्सा बचावाच्या साधनांना मिळाला पाहिजे आणि त्याचा जमाखर्च जेट्टीवर लावला पाहिजे.

‘समुद्र काय यांनी बांधला?’ या ऑपरेटरच्या प्रश्नाला आपल्याकडे कायद्याचा आधार आहे. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सार्वजनिक न्यासाचे, म्हणजे निसर्गसंपत्ती सरकारने जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळावी हे, तत्त्व मान्य केले. समुद्र आणि किनारा त्यात येतात. रिसॉर्टने जेट्टीचे, गोड्या पाण्याचे, सामान ठेवण्याच्या खोलीचे पैसे जरूर घ्यावेत. लाटांचे घेऊ नयेत.

शुल्काने अपहरण टळत नाही, हे मान्य. ती जबाबदारी सरकारची. सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणारे शुल्क सुरक्षिततेला उपयोगी पडत नाही, हेही मान्य. पण ही शुल्काच्या वापरातली खोट आहे, आणि ती शुल्क रद्द करून दुरुस्त होत नाही. ऑपरेटरांच्या संघटनांनी शुल्कमाफीसाठी अर्ज करण्यापेक्षा शुल्काचा जमाखर्च मागावा. माफी मिळाली तर दर वर्षभर टिकेल, आणि पुढच्या हंगामात शेजारचा त्याहून खाली जाईल. जमाखर्च मिळाला तर नेटका धंदा करणाऱ्याला आपला खर्च गिऱ्हाइकासमोर उघड मांडता येईल.