जनकपदाचा आहेर

चरणजीत सिंग यांचे नाव निघाले की पुढचे वाक्य ठरलेलेच असते: ‘अ‍ॅसिड हाउस हे शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत जन्मले.’ अ‍ॅसिड हाउस म्हणजे शिकागोच्या क्लबांतले, यंत्राच्या बासवर चालणारे नृत्यसंगीत. मी सिंगांच्या संगीताचा जुना चाहता आहे, आणि म्हणूनच हा आहेर त्यांच्या वतीने परत करावासा वाटतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो लेचापेचा नाही. 1982 साली एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले गिटार-कीबोर्डवादक. इथे मात्र त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडून एकट्याने दहा राग वाजवले: टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8. तबकडी खपली नाही. 2010 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाने ती पुन्हा बाजारात आणली आणि ऐकणारे चक्रावले. तीच ओली, चिवट घरघर, तोच न थकणारा ठोका. आणि शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ तर 1987 ची! कुणीतरी आत्ता बनवून जुने लेबल चिकटवले असावे, अशी शंकाही घेतली गेली. ती फोल ठरली, आणि जनकपद पक्के झाले.

पण जनक म्हणायचे तर वंश दाखवावा लागतो. तो कुठे आहे? ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’चा वंश स्वच्छ आहे. रोलँडने टीबी-303 आणले ते गिटारवाल्याला घरी रियाजासाठी बासची साथ मिळावी म्हणून. ते चालले नाही, उत्पादन थांबले, आणि स्वस्तात विकल्या गेलेल्या यंत्राच्या खुंट्या शिकागोतल्या पोरांनी पिळून पाहिल्या. डीजे रॉन हार्डीने त्यांची कॅसेट ‘म्युझिक बॉक्स’ क्लबात वाजवली, लोकांनी तिला ‘अ‍ॅसिड’ हे नाव दिले. या साखळीत मुंबईची न खपलेली तबकडी कोणत्या कडीला अडकते? एकाहीला नाही.

आवाजाच्या साम्याचे काय? यंत्र एकच, म्हणून कंठ एकच. दोन घरांत एकाच कारखान्याची पेटी असली तर घराणे एक होते काय? कानाने तपासू. शिकागोत स्वरांची आकृती गोठलेली असते. बदलतो तो फिल्टर, म्हणजे आवाजाचा रंग. सिंगांकडे उलटे. खालचा बास आपला फेरा धरून बसतो आणि वर ज्युपिटरवर हाताने वाजवलेला राग चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. एकीकडे रंग हाच आशय, दुसरीकडे स्वर. ही दोन वेगळी कामे आहेत.

कुणी म्हणेल, यंत्राचा बास आणि अखंड ठोका, एवढे पुरे. मग 1982 वर का थांबावे? जॉर्जिओ मोरोडरने डॉना समरसाठी ते 1977 लाच केले होते. त्याही मागे जाऊ. आमच्या इचोड्याच्या आसपास गोंड वस्त्यांमध्ये दिवाळीच्या दिवसांत दंडारी निघते. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात, ढोल आणि पेप्रे ही वाद्ये तोच फेरा घोटत राहतात आणि ऐकणाऱ्याचे भान सुटत जाते. म्हणून अ‍ॅसिड हाउस आदिलाबाद जिल्ह्यात जन्मले, असे म्हणावे? दंडारीतली म्हातारी माणसे तरी पोट धरून हसतील.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. जनकपद दिले की 1982 ची तबकडी 1987 ची प्रस्तावना होऊन बसते. सिंगांनी स्वतः सांगितलेले कारण किती साधे होते! त्या काळात चित्रपटसंगीतात डिस्को बोकाळला होता. 1980 चा ‘कुर्बानी’ आठवा. तोच ठेका घेऊन, तबला बाजूला ठेवून, राग वाजवून पाहू, असे त्यांना वाटले. त्यांच्या हिशेबात शिकागो नव्हतेच. हिंदी वाद्यवृंद होता, बैठकीचे रागसंगीत होते आणि दारात आलेले नवे यंत्र होते.

तबकडीचा क्रमच पाहा. सुरुवात भैरव आणि ललितने, म्हणजे पहाट. मग भूप, तो अवेळी येतो, हे मान्य. पुढे सकाळची तोडी, दिवस कलतानाची मधुवंती. बाजू उलटली की मेघमल्हार, दिवेलागणीचा यमन, कलावती, उत्तररात्रीचा मालकंस, आणि शेवटी बैरागी: पुन्हा उजाडते. शिकागोचा क्लब शोधत ऐकणाऱ्याला हे घड्याळ ऐकूच येत नाही.