तेलात आपण जवळजवळ स्वावलंबी झालो होतो, मग गाडी कुठे घसरली?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी ही आजच्या एपिसोडची लेखी आवृत्ती.

सुरुवात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून करतो. सप्टेंबर २०२४. केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून थेट २७.५ टक्के केलं. आईचा मेसेज आला, "दिवाळीच्या तोंडावरच तेल महाग करायचं होतं का?" पाच मिनिटांत काकांनी तीच बातमी टाकली, खाली लिहिलं, "बरं झालं, उशिरा का होईना." आई पुण्यात तेलाचा पुडा विकत घेते. काका औसा तालुक्यात सोयाबीन पिकवतात. बातमी एकच, घर एकच, पण एकाचं नुकसान आणि दुसऱ्याची आशा. भारताच्या खाद्यतेलाचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास मला तरी या दोन मेसेजमध्येच दिसतो.

आता थोडं मागे जाऊ. ऐंशीच्या दशकात देशाला तेल पुरत नव्हतं. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी बाहेरून तेल आणायची आणि ते रेशनवर मिळायचं. घरी आजीला विचारून बघा, "रेशनचं पामतेल" म्हटलं की लगेच आठवेल. तेव्हा पेट्रोलियमनंतर सगळ्यात जास्त परकीय चलन ज्या वस्तूंवर जायचं, त्यात खाद्यतेल होतं.

म्हणून १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने टेक्नॉलॉजी मिशन ऑन ऑइलसीड्स सुरू केलं. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे फक्त "जास्त पिकवा" असं सांगून ते थांबले नाहीत. बियाणं, शेतकऱ्याला मदत, तेल काढायचं तंत्र आणि भाव, अशा चारही बाजूंनी काम झालं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे कुरियन यांचं दूधवालं मंडळ, तेही तेलात उतरलं. १९८८ मध्ये त्यांचा "धारा" ब्रँड आला. (हो, तोच, जिलेबीच्या जाहिरातीवाला.) पुढच्याच वर्षी बाजारात तेलाचे भाव एका ठरावीक पट्ट्यात ठेवायची जबाबदारीही मंडळावर आली. भाव पडले की खरेदी करायची, चढले की साठा बाहेर काढायचा.

निकाल काय लागला? १९८५-८६ मध्ये तेलबियांचं उत्पादन १०८ लाख टन होतं. १९९८-९९ मध्ये ते २४७ लाख टनांवर गेलं. मधल्या काळात, १९९३-९४ च्या आसपास, देशाच्या गरजेचं साधारण ९७ टक्के तेल इथेच तयार होत होतं. याला पिवळी क्रांती म्हणतात. हरितक्रांती आपण शाळेत घोकली, हिच्याबद्दल मला तरी कुणी फारसं सांगितलं नव्हतं.

मग घसरलो कुठे? १९९४ मध्ये पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली. शुल्क होतं ६५ टक्के. ते १९९५ मध्ये ३० झालं, १९९६ मध्ये २० आणि १९९८ मध्ये १५. बरेच लोक म्हणतात की जागतिक व्यापार संघटनेने आपले हात बांधले. सोयाबीन तेलाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, तिथे ४५ टक्क्यांची मर्यादा होती. पण पामतेलावर आपल्याला ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा होती. म्हणजे १५ टक्के हा आकडा आपणच निवडला. कारणही साधं होतं. शहरात तेल महागलं की आरडाओरड लगेच होते. शेतात भाव पडला की तो आवाज दिल्लीपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

पामतेल इतकं स्वस्त का, याचं गणित बघा. आपल्याकडे हेक्टरी साधारण एक टन सोयाबीन होतं. त्यात तेल १८ ते २० टक्के, म्हणजे जेमतेम दोनशे किलो. पामच्या बागेतून हेक्टरी तीन-चार टन तेल निघतं. सरळ शर्यतीत आपण टिकणारच नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. २०२२-२३ मध्ये तेलबियांचं उत्पादन ३९० लाख टनांच्या वर गेलं. आकडा झकास दिसतो ना? पण त्यात मोठा वाटा सोयाबीनचा. आमच्या मराठवाड्यात करडई आणि भुईमूग मागे पडले आणि सोयाबीन आलं. करडईत तेल तीस टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्यात त्याहून जास्त. सोयाबीन म्हणजे मुळात पेंडीचं पीक, तेल जोडीला. त्यामुळे "तेलबिया वाढल्या" याचा अर्थ "तेल तितकंच वाढलं" असा होत नाही. त्याच वर्षी आपण सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात केलं, गरजेच्या निम्म्याहून जास्त. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जेमतेम तीन-चार आठवडे थांबवली, तर इथे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

शुल्काचा झोका मात्र चालूच आहे. २००८ मध्ये कच्च्या तेलावर शून्य. २०१८ मध्ये कच्च्या पामतेलावर ४४ टक्के. मग २०२१-२२ मध्ये पुन्हा जवळजवळ शून्य, २०२४ मध्ये २७.५, आणि मे २०२५ मध्ये परत १६.५. जूनमध्ये पेरणी करणाऱ्याने ऑक्टोबरच्या भावाचा अंदाज बांधायचा तरी कसा?

काकांचं पुढे काय झालं, सांगतो. शुल्क वाढलं, आईचं तेल महागलं, पण काकांचं सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खालीच गेलं. कारण तेच, सोयाबीनचा भाव मुख्यतः पेंडीवर ठरतो आणि पेंडीला उठाव नव्हता. म्हणजे त्या वर्षी दोघंही हरले.

१९८६ चं मिशन चाललं, कारण बियाणं आणि भाव दोन्ही एकत्र सांभाळले गेले. आता २०२१ मध्ये पामसाठी ११,०४० कोटींचं आणि २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचं नवं मिशन आलंय. पैसा आहे, बियाणंही येईल. पण भावाची हमी नसेल, तर माझ्या मते ही गाडी पुन्हा १९९४ च्याच वळणावर घसरेल.

काकांनी या वेळी सोयाबीन निघाल्यावर दोन एकरांत करडई टाकली. घाण्यावरून तेल काढून आणणार, निदान घरापुरतं. एक डबा पुण्याला यायचा आहे. ग्रुपवर आईने लगेच अंगठा दिलाय.

तुमच्या घरी आजीच्या काळात कुठलं तेल असायचं? विचारा आणि कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.