प्रस्तावना : सीलरच्या आधीची धुलाई

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखणारी माणसं उत्तर कर्नाटकातही भेटतात. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं इस्पितळ उभं केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि उपचारासाठी मिरज गाठायची सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरत गेली. दंतशिक्षणाची सोय त्या मानाने उशिरा झाली. आज वान्लेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आसपास आहेत. जत, अथणी, कवठेमहांकाळकडून येणारा पेशंट सुगीतला एखादा दिवस मोडून खुर्चीवर बसतो. त्याचा दात वाचवायचा म्हणजे रूट कॅनाल, आणि तो पुन्हा उघडावा लागू नये असा. या पुस्तिकेचा विषय त्या उपचारातल्या अगदी थोड्या मिनिटांचा आहे : सीलर, म्हणजे भरलेलं साहित्य भिंतीला धरून ठेवणारा लेप, आत जाण्याआधी कॅनालमधून शेवटचा कोणता द्रव गेला, आणि त्याने सीलरच्या पकडीचं काय केलं.

विषय लहान वाटेल. मला तो या शाखेतला सर्वांत शिकवणारा विषय वाटतो, कारण रसायन, पदार्थविज्ञान आणि पेशंटचा दात इथे एकाच भिंतीवर भेटतात.

फाईल फिरली की डेंटिनचा भुगा निघतो. त्यातला काही बाहेर येतो आणि बाकीचा पल्पच्या अवशेषांसह, जंतूंसह भिंतीवर लिंपला जातो. हाच स्मिअर लेयर. मॅकोंब आणि स्मिथ यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो कॅनालमध्ये दाखवून दिला. त्याची जाडी साधारण १ ते ५ मायक्रॉन. पण त्याची बुचं डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांत त्याहून बरीच खोल शिरतात. त्यावर सीलर लावणं म्हणजे पोपडे धरलेल्या भिंतीवर चुना मारणं. चुना पोपड्याला चिकटतो, भिंतीला नाही.

हा थर काढायला एक द्रव पुरत नाही. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला हायपो, सेंद्रिय भाग विरघळवतो आणि जंतू मारतो. खनिजापुढे त्याचं काही चालत नाही. ईडीटीए कॅल्शियम धरून खनिज सोडवतो, पण पल्पच्या उतींना हात लावत नाही. नीगार्ड-ऑस्टबी यांनी १९५७ मध्ये ईडीटीए या कामासाठी सुचवला, तेव्हापासून ही जोडी टिकून आहे. १७ टक्क्यांचा ईडीटीए मिनिटभर पुरतो. दहा मिनिटं ठेवला तर नळ्यांभोवतालचं डेंटिनच खरवडलं जातं. जास्त वेळ म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत इथे महागात पडते.

इथवरचं पाठ्यपुस्तकात असतं. पुढचा प्रश्न मात्र धुलाईच्या प्रकरणातही येत नाही आणि सीलरच्या प्रकरणातही नाही. दोन्हींच्या मधल्या फटीत तो हरवतो. प्रत्येक द्रव मागे एक वेगळी भिंत ठेवून जातो. शेवटी हायपो वापरला तर वरचं कोलॅजन जळून खनिज उघडं पडतं आणि मागे ऑक्सिजन उरतो. शेवटी ईडीटीए असेल तर खनिज गेलेलं असतं आणि कोलॅजनचे धागे वर येतात. सीलरला यातली कोणती भिंत हवी, हे सीलर कशाचा आहे त्यावर ठरतं.

एपॉक्सी रेझिनच्या सीलरचं, उदाहरणार्थ एएच प्लसचं, कोलॅजनमधल्या अमिनो गटांशी रासायनिक नातं जुळतं असं मानलं जातं. म्हणून ईडीटीएनंतर पुन्हा भरपूर हायपो सोडावा का, यावर अजून वाद आहे. मेथाक्रिलेट सीलरला हायपोचा उरलेला ऑक्सिजन नडतो, कारण तो रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटने धुतलं की ही हानी बरीच भरून निघते. बायोसिरॅमिक सीलरचं गणितच निराळं. तो डेंटिनमधल्या ओलाव्यावरच घट्ट होतो. पेपर पॉइंटने आणि वर अल्कोहोलने कॅनाल कोरडाठक्क करायची आपली जुनी शिस्त इथे सीलरच्या मुळावर येते. मागे राहिलेला ईडीटीए त्याचं कॅल्शियम ओढून घेऊ शकतो, म्हणून शेवटी सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटर हवंच.

दोन द्रव एकमेकांना भेटले की काय होतं, हे विद्यार्थ्याने एकदा काचेच्या बशीत करून बघावं. हायपोच्या चार थेंबांवर २ टक्के क्लोरहेक्सिडिनचे चार थेंब टाकले की क्षणात विटकरी गढूळपणा येतो आणि तळाशी साका बसतो. त्यात पॅराक्लोरोअ‍ॅनिलिन असतं की नाही यावर संशोधकांत मतभेद आहेत. तो साका नळ्यांची तोंडं बुजवतो, हे मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. ईडीटीए आणि क्लोरहेक्सिडिन यांचा साका पांढरा असतो. तो डोळ्यांत भरत नाही, म्हणून अधिक फसवा. मधे सलाइन सोडायला लागणारं अर्धं मिनिट वाचवण्यासारखं नाही.

पकड मोजतात ती बहुधा पुश-आउट चाचणीने. ब्रेसेससाठी काढलेले एका मुळाचे प्रीमोलर घ्यायचे, मुकुट कापून टाकायचा, कॅनाल तयार करून ठरलेल्या द्रवाने धुवायचा, भरायचा, आणि सीलर घट्ट झाल्यावर मुळाच्या आडव्या, मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या करायच्या. चकती यंत्रावर निमुळती बाजू वर करून ठेवतात, म्हणजे भरलेलं साहित्य रुंद बाजूने मोकळं निसटू शकतं. कॅनालहून जरा बारीक खिळा मिनिटाला अर्धा ते एक मिलिमीटर अशा संथ गतीने खाली येतो. पडद्यावरची रेषा चढत जाते आणि एकदम कोसळते. त्या क्षणाचे न्यूटन भागिले चिकटलेलं क्षेत्रफळ म्हणजे मेगापास्कलमधली पकड. माझा आग्रह असा, की आकडा लिहून चकती टाकून देऊ नये. ती सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावी. सीलर भिंतीवरून सुटला, की स्वतःच मधून फाटला? पहिल्यात दोष भिंतीच्या तयारीत शोधावा, दुसऱ्यात सीलरच्या ताकदीत. दोन प्रबंधांतले आकडे सारखे असूनही त्यांचे अर्थ उलटे निघू शकतात, ते इथेच.

या आकड्यांना किती मान द्यायचा? प्रयोगशाळेतली पकड वाढली म्हणजे पेशंटचा दात जास्त वर्षं टिकला, असा सरळ हिशेब अजून कुणी मांडून दाखवलेला नाही. २००४ च्या सुमारास रेझिलॉन हे कॅनाल भरायचं रेझिनचं साहित्य आलं तेव्हा गाभा, सीलर आणि डेंटिन मिळून एकसंध ठोकळा होईल अशी मोठी आशा होती. ती फळली नाही. तरीही मी या चाचण्यांच्या बाजूने आहे. कोणती धुलाई कोणत्या सीलरला मारक, हे त्या स्वस्तात आणि पेशंटला धोका न देता सांगतात.

विद्यार्थ्यांसाठी काम भरपूर शिल्लक आहे. बहुतेक प्रयोग सरळ, एका मुळाच्या दातांवर आणि आठवड्याभरात उरकतात. वाकड्या मोलरच्या टोकाकडच्या भागात द्रव पोचतो तरी किती, महिनोन्‌महिने ओलाव्यात राहिल्यावर पकड किती उरते, आणि बायोसिरॅमिक इतका घट्ट धरून बसला की पुन्हा उघडायची वेळ आल्यावर तो निघणार कसा, हे प्रश्न पुढच्या प्रकरणांत घेतले आहेत. ज्याला प्रबंधाचा विषय हवा आहे त्याने तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी.