लाडघरचे लाल गोटे आणि निळा झेंडा

मंडळी, सुट्टीत कोकणात निघताय? यंदा दापोलीजवळचं लाडघर धरा. आंबिवलीहून कल्याण, दिवा, मग कोकण रेल्वेने खेड, पुढे रस्त्याने. किनाऱ्यावर लाल गोटे आहेत; त्यांनी पाणी तांबूस दिसतं, म्हणून नाव तामसतीर्थ.

२०२५ मध्ये लाडघरला 'ब्लू फ्लॅग' मिळाला. सोबत गुहागर, श्रीवर्धन, नागाव आणि डहाणूचा पारनाका. निकष ३३, त्यात दिव्यांगांसाठी वाटही आली. आजीला व्हीलचेअरवर नेणार असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून वाट कुठवर आहे ते विचारा. गोट्यांवर चाक चालत नाही.

हा झेंडा १९८५ ला फ्रान्समध्ये सुरू झाला. तेव्हा मुख्य कसोट्या दोनच: गावाचं सांडपाणी शुद्ध होतं का, आणि पाणी पोहण्याजोगं आहे का. म्हणजे मोजमाप गटारापासून सुरू झालं. भारतात २०२० ला पहिल्या ८ किनाऱ्यांना तो एकदम मिळाला, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. आणि मिळाला म्हणजे कायमचा नाही, दरवर्षी पुन्हा तपासणी.

आपल्या काळू-उल्हासचं पाणीही खाडीतून समुद्रालाच मिळतं. लाडघरचे गोटे तिथेच राहू द्या. येताना फक्त तो जुना प्रश्न घेऊन या: आपलं सांडपाणी जातं कुठे?